९ मिमी कार्बाइनचं हँडलोड काडतूस: आत काय असतं, ते ‘ट्यून’ कसं करतात आणि आपण घरी का करायचं नाही?

तुम्हीही ते रील्स पाहिले असतील. एक माणूस टेबलाला बसवलेल्या प्रेसचा दांडा खाली ओढतो, ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि एक चकचकीत पितळी काडतूस ट्रेमध्ये पडतं. मग दुसरं, तिसरं. खाली कॅप्शन: ‘माझ्या ९ मिमी कार्बाइनसाठी नवीन लोड’. बघायला इतकं भारी वाटतं की स्क्रोल करणारं बोट आपोआप थांबतं.

माझ्या मावसभावाचं बोट थांबलं ते थेट ‘ॲड टू कार्ट’वर. तो १९ वर्षांचा, कॉलेजला जाणारा. आम्ही दोघंही कफ परेडच्या मच्छीमार नगरातले. एका रविवारी त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. एका परदेशी शॉपिंग साइटवर तसाच प्रेस होता.

“दादा, आपण जाळ्याला लावायला शिशाची वजनं ओततोच ना? मग हे काय वेगळंय? नुसता प्रेस मागवतो, बंदूक थोडीच घेतोय?”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बंदुकांचा तज्ज्ञ नाही. पण प्रश्न चांगला होता आणि नुसतं “गप बस” म्हणून तो सुटणारा नव्हता. शिवाय आमच्या वस्तीत हा विषय साधा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते दहा जण रबरी होडीतून इथेच, मच्छीमार नगरच्या किनाऱ्याला उतरले होते. त्या संध्याकाळी टीव्हीवर भारत-इंग्लंडची कटकची मॅच चालू होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, भाऊ तर दोन वर्षांचा. त्याला ती रात्र आठवतच नाही. मला आठवते.

म्हणून मी बसून नीट वाचन केलं आणि त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. आधी तंत्र, मग कायदा. एक गोष्ट आताच सांगतो: या लेखात कुठल्याही दारूचं नाव किंवा किती भरायची याचा आकडा नाही. तो मुद्दाम दिलेला नाही.

पिस्तुल कॅलिबर कार्बाइन म्हणजे काय?

कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल. नेहमीच्या रायफलचं काडतूस लांब असतं आणि त्यात दारूही जास्त असते. पिस्तुल कॅलिबर कार्बाइन मात्र पिस्तुलाचंच छोटं काडतूस वापरते. त्यात सर्वात कॉमन आहे ९×१९ मिमी. ९ म्हणजे गोळीचा अंदाजे व्यास आणि १९ म्हणजे पितळी केसची लांबी.

आपल्याकडे वर्षानुवर्षं पोलिसांच्या खांद्यावर दिसणारी ९ मिमी कार्बाइन याच घराण्यातली. ती मूळ ब्रिटिश स्टर्लिंगवरून कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनू लागली. अमेरिकेत नागरिक वापरतात त्या कार्बाइनची बॅरल साधारण १६ इंच, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर असते, कारण तिथल्या कायद्यात रायफलसाठी तेवढी किमान लांबी ठरलेली आहे.

काडतुसाच्या आत काय असतं?

चार भाग:

- केस: पितळी नळकांडं. बाकी तिन्ही भाग यात बसतात.
- प्रायमर: केसच्या बुडाशी असलेली छोटी टिकली. फायरिंग पिनचा ठोका बसला की ठिणगी पडते.
- दारू: ही धूर न करणारी पावडर. ती बॉम्बसारखी एकदम फुटत नाही, खूप वेगाने जळते आणि वायू तयार करते.
- गोळी: पुढे जाणारा शिशाचा तुकडा, बहुतेक वेळा तांब्याच्या पातळ आवरणात.

बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो. पण केस शाबूत राहते. ती साफ करून, मूळ मापात आणून, पुन्हा भरता येते. याला म्हणतात रीलोडिंग किंवा हँडलोडिंग. अमेरिकेत हा अनेकांचा कायदेशीर छंद आहे. काही जण पैसे वाचवायला करतात, तर काही जण आपल्या बंदुकीला नेमकं जुळणारं काडतूस मिळावं म्हणून. या दुसऱ्या कामाला ‘लोड डेव्हलप करणं’ म्हणतात.

आकडे किती छोटे आणि किती मोठे?

९ मिमीच्या केसमध्ये एक ग्रॅमपेक्षाही कमी पाणी मावतं. एवढ्याशा जागेत अमेरिकन मानक संस्था सामीने ठरवलेला कमाल दाब ३५,००० पीएसआय आहे. बाइक किंवा कारच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती ३०-३५ पीएसआय. म्हणजे टायरच्या सुमारे हजारपट दाब, करंगळीच्या पेराएवढ्या डबीत.

यात वजनं मोजतात ‘ग्रेन’मध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. नेहमीची १२४ ग्रेनची गोळी भरते साधारण ८ ग्रॅम. दारूचं माप ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत बघावं लागतं, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. आपल्या किचनमधला डिजिटल काटा इथे पूर्ण निकामी.

लांब बॅरल म्हणजे जास्त वेग?

पहिला गैरसमज हाच. बॅरल चौपट लांब, मग वेगही खूप वाढत असेल? वाढतो, पण थोडाच.

एक सोपं गणित करू. ९ मिमी व्यासाच्या १० सेंटिमीटर नळीत साधारण ६ घन सेंटिमीटर जागा असते. ४० सेंटिमीटर नळीत २५. वायू मात्र तेवढाच. पिस्तुलाची दारू थोडी असते आणि पटकन जळते, त्यामुळे गोळी पहिल्या काही इंचात असतानाच तिचं मुख्य काम उरकतं. पुढे तोच वायू पसरत जातो, दाब झपाट्याने उतरतो आणि घर्षण मात्र शेवटपर्यंत चालूच राहतं. म्हणून एकाच काडतुसाला कार्बाइनमधून पिस्तुलापेक्षा साधारण १०-१५ टक्के जास्त वेग मिळतो. चौपट तर सोडाच, दीडपटही नाही.

मग ट्यून नेमकं काय करतात?

इथे कार्बाइनची रचना कळायला हवी. बहुतेक ९ मिमी कार्बाइन ‘ब्लोबॅक’ पद्धतीच्या असतात. त्यात केसच्या मागे कुलूप नसतं, असतो फक्त एक जड बोल्ट आणि स्प्रिंग. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच धक्का मागे बोल्टला बसतो. अकरावीतला संवेगाचा नियम आठवा: ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२५ मीटर वेगाने गेली, तर संवेग २.६. बोल्ट ६०० ग्रॅमचा असेल तर तो साधारण ४.३ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येईल. वायूचा धक्का त्यात आणखी थोडी भर घालतो.

म्हणजे काडतूस फक्त गोळी फेकत नाही, ते पूर्ण यंत्र चालवतं. लोड कमजोर असेल तर बोल्ट पूर्ण मागे येत नाही आणि रिकामी केस अडकते. लोड जास्त तेज असेल तर बोल्ट आपटत राहतो, आणि केस अजून दाबात असतानाच उघडी पडण्याचा धोका असतो. पिस्तुलात मस्त चालणारा लोड कार्बाइनमध्ये अडखळतो, तो यामुळेच.

शिवाय खेळाचा नियम असतो. अमेरिकेतल्या यूएसपीएसए स्पर्धांमध्ये पिस्तुल कॅलिबर कार्बाइनचा वेगळा विभाग आहे. तिथे ‘पॉवर फॅक्टर’ किमान १२५ लागतो: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रतिसेकंदात, भागिले १०००. १२४ ग्रेनची गोळी १०६६ फूट प्रतिसेकंद (३२५ मीटर) वेगाने गेली तर १३२. पास.

चांगला लोड कसा ओळखतात?

तिथले हँडलोडर लायमन, हॉर्नडी अशा कंपन्यांची छापील पुस्तकं वापरतात, ज्यात प्रयोगशाळेत दाब मोजून काढलेले आकडे असतात. किमान आकड्यापासून सुरुवात, एका वेळी एकच बदल, प्रत्येक पायरीवर काही बार, आणि प्रत्येक बाराचा वेग क्रोनोग्राफने मोजायचा. क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा स्पीडोमीटर.

समजा दोन बॅच तपासल्या. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, मीटर प्रतिसेकंदात:

- बॅच अ: ३३५, ३५४, ३२८, ३४७, ३२१. सरासरी ३३७.
- बॅच ब: ३२९, ३२३, ३२६, ३२०, ३२७. सरासरी ३२५.

भावाला विचारलं, कुठली चांगली? तो लगेच म्हणाला, “अ. जास्त फास्ट आहे ना.”

चूक. बॅच अ मध्ये सर्वात हळू आणि सर्वात वेगवान बारात ३३ चा फरक आहे, ब मध्ये फक्त ९ चा. स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं तर अ चं १३.५, ब चं ३.५. पॉवर फॅक्टर दोन्ही पार करतात. मग फरक कुठे पडतो? नेमात? ५० मीटरवर अ च्या सर्वात हळू आणि वेगवान गोळीच्या उंचीत जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक येईल. तो फार नाही. खरी गोष्ट वेगळी आहे: एवढा विखुरलेला वेग सांगतो की काडतुसागणिक आत काहीतरी बदलतंय. दारू कमीजास्त पडतेय किंवा गोळी कमीजास्त खोल बसतेय. आणि बंदूक सरासरीने फुटत नाही, एका वाईट काडतुसाने फुटते.

आमच्या कामातही हेच आहे. ॲपचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान दिसतो, पण युजर वैतागतो तो हजारात एकदा येणाऱ्या हँगमुळे. फरक एवढाच की ॲप हँग झालं तर रीस्टार्ट करता येतं. डोळा करता येत नाही.

चूक झाली तर काय होतं?

- दुप्पट दारू: ९ मिमीसाठीच्या काही दारूंचं योग्य माप अर्धी केससुद्धा भरत नाही. म्हणजे चुकून दोनदा पडली तरी ती आत मावते आणि बाहेरून काडतूस अगदी नॉर्मल दिसतं.
- दारूच नाही: फक्त प्रायमर उडतो, ‘फुस्स’ होतं आणि गोळी बॅरलमध्येच अडकते. पुढचा बार तिच्यावर आदळला तर बॅरल फुटू शकते.
- गोळी खोल सरकणं: आतली जागा मुळातच कमी. गोळी थोडी जरी जास्त आत गेली तरी दाब झपकन वाढतो.

आता जाळ्याच्या वजनांचा प्रश्न. आपण ओतलेलं वजन दोन-पाच ग्रॅम इकडेतिकडे झालं तर जाळ्याला काही फरक पडत नाही. समुद्र ती चूक पोटात घालतो. काडतूस घालत नाही. शिसं ओतता येणं ही या कामातली सर्वात सोपी पायरी आहे, आणि जीव जातो तो उरलेल्या पायऱ्यांवर.

महाराष्ट्रात हे काम कुठे होतं?

हे कळल्यावर भावाचे डोळे खरे मोठे झाले, कारण हे सगळं आपल्याच राज्यात आहे.

पुण्याच्या खडकीतली ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ हा शिक्का असतो, जुन्या ‘किर्की फॅक्टरी’ या नावावरून. जळगाव जिल्ह्यात वरणगावची फॅक्टरी आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून या दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत, जिचं मुख्यालयही पुण्यातच. कारखान्यात घरच्या छंदवाल्याकडे नसलेली एक गोष्ट असते: दाब प्रत्यक्ष मोजण्याची सोय. सेन्सर लावून, किंवा जुन्या पद्धतीत तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला ते बघून. घरी क्रोनोग्राफ वेग सांगतो. दाबाचा फक्त अंदाज बांधायचा.

पुण्यातच डीआरडीओची एआरडीई ही शस्त्र-संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथली दोन उदाहरणं हा विषय एकदम स्पष्ट करतात.

पहिलं ‘अस्मि’. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेलं हे भारताचं पहिलं स्वदेशी ९ मिमी मशीन पिस्तूल. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी ते चार महिन्यांत विकसित केलं. वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि ट्रिगरचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले. महत्त्वाचं म्हणजे काडतूस लष्कराच्या वापरात आधीपासून असलेलंच ठेवलं.

दुसरं जेव्हीपीसी, म्हणजे जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन. डिझाइन एआरडीईचं, बनते कानपूरला आणि काडतूस बनतं खडकीत. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या लष्करी चाचण्यांचा शेवटचा टप्पा पूर्ण झाला. इथे ९ मिमी सोडून ५.५६×३० मिमी हे वेगळंच छोटं काडतूस घेतलं. वजन सुमारे ३ किलो, पल्ला १०० मीटरच्या पुढे.

म्हणजे बघा, रस्ते तीन आहेत. हँडलोडर बंदूक तीच ठेवून काडतूस बदलतो. ‘अस्मि’ने काडतूस तेच ठेवून बंदूक नवी केली. जेव्हीपीसीने दोन्ही नवं घेतलं. पण तिन्हीकडे मूळ काम एकच: काडतूस आणि यंत्र एकमेकांना जुळवणं आणि ते प्रत्येक वेळी तसंच जुळेल याची खात्री करणं. या कामात मेकॅनिकल, मेटलर्जी, केमिकल आणि कोडिंगवाले सगळे लागतात. आवड असेल तर हा खरा रस्ता आहे.

भारतात घरी हँडलोडिंग केलं तर?

शस्त्र अधिनियम १९५९ नीट वाचा:

- कलम २ मधल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे “नुसता प्रेस मागवतोय” हा बचाव इथेच संपतो.
- कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. कलम १० नुसार परवान्याशिवाय बाहेरून आणता येत नाही.
- कलम २५ नुसार बेकायदा बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.
- ९ मिमी हा भारतात सर्वसामान्य नागरिकासाठी ‘प्रोहिबिटेड बोअर’ आहे.

अमेरिकेतला छंद दाखवणारं रील तिथे कायदेशीर असेल. अल्गोरिदम ते तुम्हाला दाखवताना कलम २ सांगत नाही.

मग आवड असेल तर काय करायचं?

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात ५.६ मिमीचं (पॉइंट टू टू) काडतूस वापरतात. त्याचा प्रायमर केसच्या कडेतच असतो, त्यामुळे ते कोणी पुन्हा भरत बसत नाही. मग जगातले अव्वल नेमबाज काय करतात? ‘लॉट टेस्टिंग’. कारखान्याच्या वेगवेगळ्या बॅच घ्यायच्या, रायफल शिकंज्यात घट्ट धरायची, प्रत्येक बॅचचे बार मारायचे आणि आपल्या बॅरलला सर्वात एकसारखी चालणारी बॅच निवडायची. लोड डेव्हलप करण्यातला मोजमापाचा सगळा अभ्यास यात आहे, दारूला हात न लावता.

सुरुवात मात्र १० मीटर एअर रायफलने होते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तिथे चौकशी करा.

आणि गणिताचीच मजा हवी असेल तर आम्ही केलं ते करा. त्या रविवारी भावाला जाळ्याची दहा शिशाची वजनं आणायला लावली. सोनाराकडचा काटा मागून आणला, एकेक वजन करून आकडे गूगल शीट्समध्ये टाकले आणि एसटीडीईव्ही फंक्शन लावलं. सगळी एकाच साच्यातली, एकाच हाताने ओतलेली. तरी सर्वात हलक्या आणि सर्वात जड वजनात चार ग्रॅमचा फरक निघाला.

तो स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, “आणि तिकडे साडेसहा मिलिग्रॅम बघायचे?”

“हो.”

त्याने तो प्रेस कार्टमधून स्वतः काढला. वजनं मावशीने परत मागून नेली. दुसऱ्या दिवशी ती जाळ्याला लागली आणि चार ग्रॅमच्या फरकासकट नीट बुडाली.